हृदयाची चढणीवरील परीक्षा

विहिरीची पारख आमच्या गंगापूर तालुक्यांतील शेतकरी सकाळीं करीत नाहीं. रात्रभर पाणी चढलेलें असतें आणि उन्हाळ्यांतली विहीरहि त्या वेळीं भरल्यासारखी दिसते. पूर्वीं मोट आणि आतां पंप दोन तास चालूं द्यावा, पाणी किती खालीं जातें व झरा तें किती भरून काढतो हें पाहावें, आणि मग त्या विहिरीवर किती एकर भिजेल तें बोलावें, अशी त्याची रीत. माणसाच्या हृदयाविषयीं हीच गोष्ट वैद्यांना कळली फार पूर्वीं. पण कळलेली गोष्ट मोजतां येण्यास पावणेदोनशें वर्षांहून अधिक काळ जावा लागला. त्या काळाची हकीकत आज आपणांस सांगणार आहें.

माझ्या शाळेंत चित्रकला शिकविणारे एक गृहस्थ होते. वय पंचावन्नच्या आसपास. जेवण करून सायकलवर शाळेला निघाले आणि समोरून वारा असला, म्हणजे त्यांच्या छातीच्या मध्यभागीं दाटल्यासारखें होई व डावा हात जड होई. ते उतरून रस्त्याच्या कडेला उभे राहत. दोन-तीन मिनिटांत सारें शांत. पित्त असेल म्हणून त्यांनीं तें सोडून दिलें होतें. पुढें घरच्यांच्या आग्रहावरून त्यांनीं एका दवाखान्यांत कार्डिओग्राम काढविला. तो निर्दोष निघाला. त्या कागदाची घडी ते खिशांत बाळगीत आणि कोणीं प्रकृति विचारली तर काढून दाखवीत. दीड महिन्यानंतर एके सकाळीं पाण्याची घागर माडीवर नेत असतां ते जिन्यांतच खालीं बसले, ते पुन्हां उठले नाहींत. दिवसकार्य झाल्यावर त्यांच्या पत्नीनें मला विचारलें, "गुरुजी, तो कागद खोटा होता का हो?" त्या वेळीं मला उत्तर देतां आलें नाहीं. तें शोधण्यासाठींच मी या विषयाच्या वाचनाकडे वळलों.

कागद खोटा नव्हता. तो निजलेल्या हृदयाचा कागद होता, आणि त्यांचें दुखणें चालत्या हृदयाचें होतें.

श्रम आणि हृदय यांचा संबंध आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेंत होता. सुश्रुतसंहितेंत व्यायाम अर्ध्या शक्तीनें करावा असें सांगून त्या अर्ध्या शक्तीची खूणहि दिली आहे. हृदयस्थानीं राहणारा वायु व्यायाम करतां करतां मुखापर्यंत येऊं लागला, म्हणजे आपल्या भाषेंत धाप लागून तोंडानें श्वास घ्यावा लागला, कीं अर्धें बळ खर्चीं पडलें असें समजावें. मोठी मार्मिक खूण आहे ही. परंतु ती निरोगी माणसाला व्यायाम कोठें थांबवावा हें सांगण्यासाठीं आहे. रोग्याचा धोका मोजण्याचें तें साधन नव्हे. आपल्याकडे सर्व कांहीं पूर्वींच होतें, असें म्हणणाऱ्यांपैकीं मी नाहीं.

प्रस्तुत रोगाचें पहिलें स्वच्छ वर्णन लंडनमधील विल्यम हेबर्डन या वैद्यानें केलें. १७६८ सालीं त्यानें तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेपुढें एक निबंध वाचला व तो १७७२ सालीं छापून निघाला. हेबर्डन सांगतो, कीं हे रोगी चालत असतां, विशेषतः चढ चढतांना आणि जेवल्यावर लागलीच चालूं लागल्यास, त्यांच्या छातींत जीव घेणारी वेदना उठते; पण पाऊल थांबतांच ती नाहींशी होते. आमच्या चित्रकलेच्या मास्तरांनीं हेबर्डनचें नांवहि ऐकलें नव्हतें. तक्रार मात्र नेमकी हीच सांगितली होती. हेबर्डननें रोगाला 'अँजायना पेक्टोरिस' म्हणजे छातीची घुसमट असें नांव दिलें. त्याच्या मृत्यूनंतर १८०२ सालीं निघालेल्या ग्रंथांत असे सुमारें शंभर रोगी पाहिल्याची नोंद आहे. त्यांत स्त्रिया अवघ्या तीन व एक बारा वर्षांचा मुलगा. बाकी सारे पन्नाशीला आलेले वा ती ओलांडलेले पुरुष. याच ग्रंथांत एक रोगी रोज अर्धा तास लांकूड करवतण्याचा नेम धरून जवळ जवळ बरा झाला, असेंहि तो नमूद करतो. हें वाक्य पुढें दीडशें वर्षें कोणीं मनावर घेतलें नाहीं.

पण ही वेदना येते कोठून, हें हेबर्डनला ठाऊक नव्हतें. वेदनेच्या वेळीं नाडी बिघडतेच असें नाहीं हें त्यानें पाहिलें होतें, त्यामुळें हृदयावर बोट ठेवणें त्याला कठीण गेलें. त्याचा निबंध निघाल्यावर त्याला एक निनांवी पत्र आलें. 'आपण वर्णिलेला विकार मला आहे. मला अकस्मात् मृत्यु आल्यास माझें शव फाडून कारण शोधावें,' अशा आशयाचें तें पत्र होतें. तीन आठवड्यांच्या आंत तो गृहस्थ खरोखरच मरण पावला. शवपरीक्षा केली जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यानें, आणि त्याच्या हाताखालीं उभा होता तरुण एडवर्ड जेन्नर. तोच पुढें देवीच्या लशीमुळें जगभर गाजला आणि त्याचीच लस १८०२ सालीं मुंबईंत ॲना डस्टहॉल नामक तीन वर्षांच्या मुलीला प्रथम टोंचली गेली. या दोघांनीं त्या शवांत सारें तपासलें. मात्र खुद्द हृदयाच्या मांसाला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या तेवढ्या उघडल्या नाहींत. बिचाऱ्या निनांवी गृहस्थाचें दान त्या वेळेपुरतें वायां गेलें.

कांहीं काळानें जेन्नर दुसऱ्या एका रोग्याचें हृदय कापीत असतां त्याची सुरी एकाएकीं कठीण वस्तूवर करकरली. जुन्या छताचा चुना खालीं पडला असावा म्हणून त्यानें वर पाहिलें. छत जागच्या जागीं होतें. दगडासारखी झाली होती ती हृदयाचीच रोहिणी. कारण सांपडलें! तरीहि जेन्नर तें उघड बोलेना. त्याचा गुरु हंटर यालाच तोंवर हा विकार जडला होता, आणि आपला शोध म्हणजे गुरूच्या मृत्यूचें भाकीत होय हें शिष्याला दिसत होतें. शोध लांबला खरा. पण या मौनाबद्दल जेन्नरला दोष देण्यास माझें मन घेत नाहीं. हंटर स्वतः म्हणत असे, कीं मला चिडवूं पाहणाऱ्या कोणाहि लुच्च्याच्या हातीं माझा जीव आहे. झालेंहि तसेंच. १६ ऑक्टोबर १७९३ रोजीं आपल्या रुग्णालयाच्या सभेंत कोणीं विरोध केला म्हणून तो रागानें उठून शेजारच्या खोलींत गेला आणि तेथेंच गतप्राण झाला. त्याच्या रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. जेन्नरचें निरीक्षण शेवटीं १७९९ सालीं केलेब पॅरी या त्याच्या वैद्यमित्राच्या पुस्तकांतून प्रसिद्ध झालें. राग हाहि हृदयाला एक चढच आहे, हें हंटरच्या मृत्यूनें दाखविलें.

यापुढें सुमारें शंभर वर्षें रोग्याची हकीकत ऐकणें व मृत्यूनंतर रोहिण्या पाहणें, यांपलीकडे वैद्यांना फारसें कांहीं करतां येत नव्हतें. जिवंत हृदयाची खबर बाहेर आणणारें साधन मिळालें तें विजेमुळें. हृदय आकुंचन पावतें तेव्हां त्यांत अत्यंत सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. १८८७ सालीं लंडनमध्यें ऑगस्टस वॉलर यानें शरीराच्या बाहेरून मानवी हृदयाच्या या प्रवाहाची पहिली नोंद केली. त्याचा जिमी नांवाचा एक बुलडॉग कुत्रा होता. मिठाच्या पाण्यांत पाय बुडवून तो सभेपुढें मुकाट्यानें उभा राही व त्याच्या हृदयाचे ठोके यंत्रावर उमटत. १९०९ सालीं यांत कुत्र्याचा छळ होतो काय, असा प्रश्न चक्क पार्लमेंटांत विचारला गेला! गंमत अशी, कीं खुद्द वॉलरला रुग्णालयांत या शोधाचा फारसा उपयोग होईल असें वाटत नव्हतें.

तें वाटलें हॉलंडमधील लायडन येथील विलेम आइन्टोव्हेन याला. जावा बेटावर जन्मलेल्या या प्राध्यापकानें चांदीचा मुलामा दिलेला स्फटिकाचा केसाहून बारीक तंतु चुंबकाच्या दोन टोकांमध्यें ताणून धरला. हृदयाचा प्रवाह त्यांतून जातांच तंतु हलतो आणि त्याच्या छायेची नागमोडी रेघ सरकत्या काचेवर उमटते. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या या यंत्राचें वजन सुमारें २७० किलो. तें चालवावयास पांच माणसें लागत. रोग्यानें दोन हात व एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावयाचें. असलें धूड रुग्णालयांत कोण नेणार? म्हणून १९०५ सालीं आइन्टोव्हेननें रुग्णालयांतील रोग्याचे ठोके टेलिफोनच्या तारेनें दीड किलोमीटरवरील आपल्या प्रयोगशाळेंत आणले. रेघेच्या उंचसखल भागांना त्यानें दिलेलीं पी, क्यू, आर, एस, टी हीं नांवें अद्याप चालूं आहेत. १९२४ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां माझ्या सहकाऱ्यांच्या कागदाकडे येऊं. हृदय साऱ्या देहाला रक्त देतें. पण त्याच्या स्वतःच्या मांसाला रक्त मिळतें तें त्याच्यावरूनच फिरणाऱ्या दोन रोहिण्या व त्यांच्या शाखा यांतून. विश्रांतींतसुद्धां हें मांस आपल्याकडे आलेल्या रक्तांतला बहुतेक प्राणवायु काढून घेतें. म्हणून श्रमाच्या वेळीं अधिक प्राणवायु हवा असेल तर अधिक रक्तच यावें लागतें, दुसरा उपाय नाहीं. निरोगी रोहिणी हा पुरवठा चार-पांच पट वाढवूं शकते. तिच्यांत मेदाचा थर साचून ती बरीच अरुंद झाली, तरी निजलेल्या माणसाची गरज तेवढ्यांतून भागते. रेघ सरळ येते, विहीर सकाळीं भरलेली दिसते. जिना चढूं लागलें कीं मागणी वाढते, पुरवठा मात्र तेथेंच राहतो. मग छाती दाटते, आणि कार्डिओग्रामच्या रेघेंतील एस व टी यांमधला जो भाग एरवीं सपाट असतो तो खालीं बसतो. हा भाग १ मिलिमीटर वा अधिक खालीं बसून सपाट किंवा उतरता राहिला, तर रक्त अपुरें पडत असल्याची ती सूचना होय.

१९१८ सालीं बौसफील्ड नामक इंग्रज डॉक्टरला रोग्याला वेदना उठली असतांनाच तिची नोंद घेण्याचा योग आला. ती शमतांच रेघहि पूर्ववत् झाली. १९२८ सालीं अमेरिकेंत फाइल आणि सीगल यांनीं रोग्यांकडून मुद्दाम व्यायाम करवून हा फरक घडवून आणला. याच सुमारास न्यूयॉर्कच्या आर्थर मास्टर यानें ९-९ इंच उंचीच्या दोन पायऱ्यांची एक लांकडी घडवंची करविली. वय, वजन व स्त्री-पुरुष यांवरून किती वेळां चढावें-उतरावें याचें कोष्टक त्यानें बनविलें. १९२९ मध्यें तो केवळ नाडी व रक्तदाब पाहत असे. पुढें १९४१ च्या सुमारास त्यास कार्डिओग्रामची जोड मिळाली. साधन स्वस्त व सुटसुटीत होतें. पण दोष दोन. रेघ काढीत ती श्रम थांबल्यावर, म्हणजे चोर निसटल्यावर पंचनामा. आणि ठरीव पायऱ्या दुबळ्याला जड, तर धट्ट्याकट्ट्याला पोरखेळ ठरत.

दोन्हीं दोष काढले ते अमेरिकेंतील सिॲटल येथील रॉबर्ट ब्रूस यानें. त्यानें फिरता पट्टा घेतला. पायानें फिरवावयाचें चक्र ही वस्तु मूळची तुरुंगांतली. विल्यम क्यूबिट या इंग्रज इंजिनिअरनें तें १८१८ सालीं कैद्यांना कामाला जुंपण्यासाठीं काढलें होतें. ब्रूसचा पट्टा विजेवर चाले व त्याचा चढ वाढवितां येई. १९६३ सालीं प्रसिद्ध केलेल्या त्याच्या पद्धतींत दर ३ मिनिटांनीं वेग व चढ वाढतात. आरंभ ताशीं २.७ किलोमीटरनें, म्हणजे देवळाकडे निघालेल्या म्हाताऱ्या माणसाच्या चालीनें. पण चढ शेंकडा १०, म्हणजे शंभर पावलांत दहा पावलें उंची. पुढें वेग ४, मग साडेपांच किलोमीटर, आणि चढ शेंकडा १२, मग १४. देवगिरीचा किल्ला ज्यांनीं चढला आहे त्यांस ही चढती भाजणी समजावून सांगावयास नको. छातीला तारा लावलेल्याच असतात. त्यामुळें हृदय चालत असतांनाच त्याची रेघ दिसत राहते. ज्याची त्याची कुवत जेथें संपेल तेथें परीक्षा थांबते.

परंतु दिवसाचे चोवीस तास कोणी पट्ट्यावर चालत नाहीं. भांडतांना, ओझें उचलतांना, झोपेंत हृदय काय करतें? अमेरिकेच्या मोंटाना प्रांतांतील नॉर्मन होल्टर यानें या प्रश्नावर आपली संपत्ति व आयुष्य घातलें. हृदयाची रेघ बिनतारी धाडणारें त्याचें पहिलें यंत्र ८५ पौंडांचें होतें, आणि तें पाठीवर घेऊन स्वतः होल्टर सायकलचे पाय मारी. १९६१ सालीं त्यानें आपली पद्धति जगापुढें मांडली, तोंवर यंत्र पुष्कळच हलकें झालें होतें. आज तें खिशांत मावतें व रोगी तें लावून आपल्या नित्याच्या उद्योगाला लागतो.

मुंबईचा उल्लेख येथें केलाच पाहिजे. के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांचें नांव बहुतेकांस सर्पगंधेमुळें ठाऊक आहे. रक्तदाबावर या वनस्पतीचा गुण त्यांनीं १९४९ सालीं इंग्लंडमधील हृद्रोगविषयक नियतकालिकांत मांडला आणि १९५७ सालीं त्यांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. त्यांचें दुसरें काम तितकें गाजलें नाहीं. साधी श्रमाची वेदना एका बाजूस, आणि हृदयाचें मांस मरून जाणारा मोठा झटका दुसऱ्या बाजूस. या दोहोंच्या मधल्या अवस्थेवर त्यांनीं १९६१ सालीं लिहिलें. वेदना वारंवार येऊं लागते, लांबते, बसल्या जागीं उठते. ही मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असूं शकते आणि तेव्हांच उपचार व्हावयास हवेत, असें त्यांचें प्रतिपादन. आजचे डॉक्टर अशा रोग्याला पट्ट्यावर चढवीत नाहींत. जो पूल हलतांना दिसतो त्यावरून गाडी नेऊन त्याची परीक्षा करावयाची नसते.

झटक्यांतून वांचलेल्या रोग्याचें काय? पूर्वीं त्याला सहा सहा आठवडे बिछान्यांतून हलूं देत नसत. घांस भरवीत, कूसहि दुसरा बदली. १९५२ सालीं बोस्टनच्या लेव्हाइन व लाउन यांनीं अशा रोग्यांना लौकरच खुर्चींत बसविलें, तेव्हां तें साहस वाटलें. त्यानंतर सत्तावीस वर्षांनीं, १९७९ सालीं, मॉन्ट्रियल येथील थेरू व त्याचे सहकारी यांनीं २१० रोग्यांना घरीं सोडण्याच्या आदल्या दिवशीं पट्ट्यावर हळूहळू चालविलें. रेघ खालीं न बसलेल्यांपैकीं वर्षाच्या आंत दगावले ते शंभरीं दोन. रेघ बसलेल्यांपैकीं शंभरीं सत्तावीस! दोघेहि वरून सारखेच बरे दिसत होते, दोघांनाहि घरीं जाण्याची सारखीच घाई होती. कोणाची रोहिणी आधीं तपासावी, कोणाला निर्धास्त धाडावें, हें त्या कांहीं मिनिटांच्या चालीनें सांगितलें.

ही गोष्ट १९७९ ची. पुढें गुठळी विरघळविणारीं औषधें आलीं आणि झटक्यानंतरचे मृत्यूच कमी झाले; तशी या परीक्षेची भाकीत करण्याची शक्तिहि उतरली. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या इटलींतील एका मोठ्या पाहणींत परीक्षा देणाऱ्यांपैकीं सहा महिन्यांत शंभरीं एकाहून थोडेसेच अधिक दगावले. परंतु ज्यांना अशक्तपणामुळें अथवा अन्य कारणानें परीक्षा देतांच आली नाहीं, त्यांच्यांत हें प्रमाण शंभरीं सात होतें. आम्हां शिक्षकांना हें चटकन् पटतें. नापास झालेल्या मुलाहून परीक्षेलाच न बसलेल्या मुलाची काळजी अधिक.

निकालाचे गुण देण्याचीहि रीत आहे. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत १९८७ सालीं ती ठरली. ब्रूसच्या पट्ट्यावर चाललेलीं मिनिटें घ्यावींत. रेघ जितके मिलिमीटर हलली त्याची पांचपट त्यांतून वजा करावी. वेदना उठली तर ४ आणि वेदनेमुळेंच थांबावें लागलें तर ८ आणखी वजा करावे. बाकी ५ किंवा अधिक राहिली तर धोका थोडा. उणे ११ किंवा त्याखालीं गेली तर मोठा. मीं स्वतः गतवर्षीं, वयाच्या ६४ व्या वर्षीं, शहरांत जाऊन ही परीक्षा दिली. ७ मिनिटें चाललों. रेघ हलली नाहीं, वेदना नव्हती. बाकी ७. समजा रेघ २ मिलिमीटर बसली असती आणि वेदनेनें मला थांबविलें असतें, तर सातांतून दहा व आठ जाऊन बाकी उणे ११. चाललों असतों तितकाच, परंतु निकाल सर्वस्वीं निराळा. १९९१ सालच्या पडताळ्यांत थोड्या धोक्याच्या गटांतील शंभरीं ९९ रोगी चार वर्षांनीं हयात होते. मोठ्या धोक्याच्या गटांतील ७९. म्हणजे मोठ्या धोक्याचेहि पुष्कळ जगले, व थोड्या धोक्यांतला शंभरीं एक गेला. कुंडलींतील भविष्य आणि हें, यांत हाच फरक.

परीक्षेलाहि चुका आहेत. स्त्रियांमध्यें रोहिण्या चांगल्या असूनहि रेघ खालीं बसण्याचें प्रमाण अधिक, त्यामुळें नसता घोर लागतो. परीक्षेंत जीव जाण्याची भीति पुष्कळांस वाटते. १९७१ सालीं अमेरिकेंतील ७३ केंद्रांतल्या १,७०,००० परीक्षांचा हिशेब निघाला, त्यांत १६ मृत्यु होते, म्हणजे दहा हजारांत सुमारें एक. डॉक्टर शेजारीं असावयास हवा, एवढें त्यावरून कळतें. आणि ज्याला कांहींच तक्रार नाहीं त्यानें शेजारी गेला म्हणून आपणहि जावें, यांतहि अर्थ नाहीं.

आमच्या जिल्ह्यांत १९५६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. त्याच्या रुग्णालयाला आम्ही सारे घाटी म्हणतों. जिल्ह्याच्या गांवीं आज हा पट्टा अपूर्वाईचा राहिलेला नाहीं. रोहिण्यांत रंग सोडून त्यांचीं चित्रें घेण्याची सोयहि तेथें आहे. चालतांना छाती दाटते आणि थांबल्यावर मोकळी होते, एवढी एक ओळ डॉक्टरला नीट सांगणें रोग्याच्याच हातीं असतें. माझ्या सहकाऱ्यांनीं त्या दवाखान्यांत 'जरा पित्त होतें' इतकेंच सांगितलें होतें, असें त्यांच्या पत्नीकडून मला पुढें कळलें. मागाहून मीं त्यांना ही विहिरीची गोष्ट सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला दम लागतो; त्याला दाखवायला हवें." मुलाचें वय तेव्हां ३८ होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळच्या मोटारीनें आम्ही त्याला घेऊन शहरांत गेलों.